कॉन्फ्लिक्ट्स लिहायची घाई नको गं

अगं, तुझ्या डेबियन पॅकेजाची कंट्रोल फाईल वाचली. पॅकेज नीटनेटकं झालंय, पण कॉन्फ्लिक्ट्सच्या ओळीपाशी मी अडखळले. ‘ही फाईल दुसऱ्या पॅकेजातही आहे’ म्हणत डीपीकेजीनं हात वर केले, आणि तू त्या पॅकेजाशी उभा दावा मांडून मोकळी झालीस! एरर गेली खरी, पण ज्याला दोन्ही हवीत त्यानं काय करायचं, सांग बरं?

डेबियनमधला विम बघ. विम-टायनी, साधा विम आणि जीटीके३चा विम, तिन्ही एकाच मशीनवर सुखानं नांदतात. कारण त्यांच्या बायनरींची नावंच वेगळी आहेत: विम.टायनी, विम.बेसिक, विम.जीटीके३. टर्मिनलवर ‘व्हीआय’च्या वाटेनं जाऊन बघ. यूएसआर-बिनमधली ‘व्हीआय’ म्हणजे नुसती सिमलिंक, ती ईटीसीतल्या अल्टरनेटिव्ह्ज फोल्डरकडे नेते आणि तिथली दुसरी लिंक खऱ्या बायनरीकडे. टायनीची प्रायॉरिटी १५, बेसिकची ३०, म्हणून दोन्ही असली की आपोआप बेसिक उघडतो. ॲडमिननं हातानं दुसरा निवडला असेल, तर अपडेट आला तरी त्याची निवड जागची हलत नाही. मला हे फार आवडतं. पॅकेज बनवणाऱ्यानं दुसऱ्याच्या मशीनवर एवढीच सत्ता गाजवावी.

मेलचा मामला मात्र वेगळा. एक्झिम आणि पोस्टफिक्स दोघांनाही तीच सेंडमेल फाईल हवी आणि तेच २५ नंबरचं पोर्ट. तिथं भांडण खरंच आहे. म्हणून दोघंही ‘मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट’ हे आभासी नाव प्रोव्हाइड्स, कॉन्फ्लिक्ट्स आणि रिप्लेसेस अशा तिन्ही ठिकाणी लिहितात. घाबरू नकोस, पॅकेज स्वतःच पुरवलेल्या नावाशी स्वतः भांडत नाही. डीपीकेजीला ते कळतं. आणि उद्या तिसरा मेल सर्व्हर आला तरी या दोघांच्या फायलींना हात लावावा लागत नाही.

लिबकर्लनं तर भांडण आवरतं ठेवलंय. ओपनएसएसएलवाली आणि ग्नूटीएलएसवाली लिबकर्ल शेजारी शेजारी राहतात, कारण दोघींची फाईलनावं निराळी. कॉन्फ्लिक्ट्स आहे तो फक्त डेव्ह पॅकेजांत, कारण हेडर फायली त्याच. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता तुझं दुखणं. तुझा प्रोग्रॅम आणि तो दुसरा, नाव एक पण कामं पूर्ण वेगळी. इथं अल्टरनेटिव्ह्ज चालत नाही आणि कॉन्फ्लिक्ट्सही नाही; डेबियनची पॉलिसी सरळ मनाई करते. ‘नोड’वरून असंच झालं होतं. हॅम रेडिओवाल्यांचा नोड आधीपासून होता, मग नोड.जेएस आला, आणि प्रकरण टेक्निकल कमिटीपर्यंत गेलं. २०१२ साली रेडिओवाल्यांच्या पॅकेजाला ‘एएक्स२५-नोड’ व्हावं लागलं आणि नोड.जेएसच्या बायनरीला ‘नोडजेएस’. तेव्हा तू मुकाट्यानं बायनरीचं नाव बदल. अपस्ट्रीमला आधी विचार, कदाचित तेच बदलतील.

आणि एक. फाईल आपल्याच एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवलीस, तर ब्रेक्स आणि रिप्लेसेस, फक्त हलवण्याआधीच्या आवृत्त्यांपुरती अट घालून. तिथंही कॉन्फ्लिक्ट्स नको. फाईल दुरुस्त करून पाठव, रविवारी बसू.