पाढा मधूनच विचारावा

चि. सोनू,


ताईचा फोन आला होता. बारापर्यंतचे पाढे तुला येतात, पण आता तीसपर्यंत पाठ करायला सांगितले म्हणून तू रुसली आहेस म्हणे. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना एकोणीस साते कशाला घोकायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुला मिळायलाच हवं.

नुसत्या गुणाकारासाठी मोठ्या पाढ्यांवाचून फारसं अडत नाही. १९ गुणिले ७ हवे असतील तर वीस साते १४०, त्यातून ७ वजा, १३३. पाढ्याची खरी गरज पडते ती उलट्या बाजूने, भागाकारात. समज, ९१/११९ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचं आहे. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचनेही नाही. पुष्कळ मुलं इथेच हात टेकतात आणि उत्तर तसंच लिहून टाकतात. पण तेरा साते एक्याण्णव आणि सतरा साते एकशे एकोणीस जिच्या तोंडात बसलंय, तिला दोन्हीकडचे सात दिसतातच. ती १३/१७ लिहून पुढच्या गणिताला लागते. कॅल्क्युलेटरला ११९ भागिले १७ विचारायचं, हे आधी आपल्याला सुचायला हवं ना?

सगळ्या पाढ्यांवर एकदम धाड घालू नकोस. १४ म्हणजे सातची दुप्पट, १६ आठची, १८ नवाची, २४ बाराची. हे तुला अर्धेअधिक येतातच. आधी १३, १७, १९ आणि २३ घे. प्रत्येक पाढा वहीत उभा लिहून काढ आणि जरा वेळ नुसता बघत बस. १९च्या पाढ्यात एककाच्या घरात ९, ८, ७ असे आकडे उतरत जातात आणि त्यांच्या डावीकडे १, ३, ५, ७ अशा विषम संख्या चढत जातात. २९मध्ये डावीकडे २, ५, ८, ११, म्हणजे तीन-तीनने वाढ. ही चाल आपली आपल्याला सापडली की फार आनंद होतो बघ. सतराची चाल अशी चटकन दिसत नाही, म्हणून मुलं तिथे अडखळतात. तिथे मोठ्याने म्हणण्याला पर्याय नाही. जुनी माणसं 'सोळा साते बारोदरसे, सोळा आठे अठ्ठावीसासे' म्हणायची. तू एकशे बारा म्हण, पण ठेका सोडू नकोस.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सतरा आठे किती, असं विचारलं की काही मुलं पुटपुटत सतरा एके सतरापासून सुरुवात करतात. त्यांना पाढा म्हणता येतो, वापरता येत नाही. म्हणून ताईला सांग, भाजी निवडताना, बसमध्ये, कुठेही मधूनच विचार. उत्तराकडूनही विचार. १३६ कोणाचे? सतरा आठे. १४४ कोणाचे? बारा बारे, सोळा नवे, अठरा आठे, चोवीस सक. चारही सांगितल्याशिवाय तिने तुला सोडू नये.

तुझ्या आजोबांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सोळा चोक चौसष्ट म्हणजे रुपयाचे पैसे. सव्वा रुपया वाराने अठरा वार कापड घेतलं की सवायकीतून साडेबावीस रुपये लगेच निघायचे. १९५७च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि त्या पाढ्यांचं कामच गेलं. ते तू शिकावेस असा माझा आग्रह नाही. अठराचा पाढा मात्र आज बाजारात रोज लागतो. कितीतरी वस्तूंवर १८ टक्के जीएसटी असतो. ७०० रुपयांच्या वस्तूवर तो किती, ते अठरा सातेवरून सांग बघू.

रोज एकच पाढा, दोन वेळा, वही मिटून. तेवीसचा झाला की मला फोन कर. मी २०७पासून विचारायला सुरुवात करीन.

तुझा,
मामा