चेलिडोनियमचे थेंब सुरू करण्याआधी

अगं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि कुणीतरी तुला चेलिडोनियम सुचवलं, हे कळल्यापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं.

हे युरोपातलं, अफूच्या कुळातलं रोप. खोड मोडलं की केशरी-पिवळा चीक येतो. चीक पिवळा म्हणून ते काविळीवर चालेल, असं तिकडचे जुने वैद्य मानायचे. होमिओपॅथीत त्याची मोठी खूण म्हणजे पाठीत उजव्या फऱ्याखालचं दुखणं. पित्ताशयात खडे असले तरी तिथेच दुखतं, म्हणून असं दुखणं थेंबांवर काढू नकोस, तपासून घे.

आता बाटलीवर काय लिहिलंय ते नीट बघ. ‘३०’ असेल तर अर्क दर वेळी शंभर पट पातळ करत तीसदा केलेला. बाराव्या खेपेनंतरच मूळ वनस्पतीचा एखादा कणही उरण्याची आशा नसते. त्याने अपाय होणार नाही, पण यकृताला फायदा होतो असा भरवशाचा पुरावाही नाही. मला खरी धास्ती आहे ती ‘मदर टिंक्चर’ची. तो वनस्पतीचा खराखुरा अर्क! १९९९ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी या वनस्पतीची औषधं घेणाऱ्या १० जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली. औषध थांबवल्यावर ते बरे झाले. एकाने नकळत पुन्हा घेतलं, तर सूज परत आली. २००८ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने दिवसाला २.५ मिलिग्रॅमहून जास्त अल्कलॉइड पोटात जाणाऱ्या औषधांची परवानगीच काढून घेतली. यकृतासाठी म्हणून घ्यायचं आणि यकृतच सुजायचं, हे माझ्या मनाला पटत नाही गं.

कुणाची तरी कावीळ यानेच उतरली, असं तुला सांगतील. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय त्या दिवसांत जे घेतलं असेल त्याला मिळतं.

तुझ्या यकृताला वजन उतरण्याचा उपयोग नक्की होईल. सात ते दहा टक्के कमी झालं तरी चरबी आणि सूज घटते. ऐंशी किलोचं वजन असेल, तर सहा-आठ किलो. सावकाश कर, घाई नको. साखरही तपासून घे.

आणि मदर टिंक्चर सुरू केलंच असशील, तर आजच थांबव. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना ती बाटली सोबत ने.