विनोद लिहायचाय? आधी पाच जण गोळा करा

‘विनोदी लेखनाचा कोर्स कुठे असतो हो?’ निकाल लागले की पालकांच्या प्रश्नांत आजकाल हाही एक असतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज जरा खालीच असतो. मुलानं ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघून बघून वही भरलेली असते. आईला ती वही मनातून आवडलेली असते. वडिलांना फी कुठे भरायची एवढंच हवं असतं. पावती हातात आली की निदान गाडी रुळावर आहे असं वाटतं.

कोर्स आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात, त्यासाठी आधी पदवी लागते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. प्रवेश मिळाला तर जरूर जावं. पण ज्याला विनोदच लिहायचा आहे, त्याला प्रवेशाआधी गट सापडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा जमणारे, स्वतः लिहिणारे आणि दुसऱ्याचं कान देऊन ऐकणारे पाच-सहा जण.

गंभीर कथा लिहून कपाटात ठेवता येते, तिचं बरं-वाईट दोन वर्षांनी कळलं तरी चालतं. विनोदाचा निकाल तिथल्या तिथे लागतो, आणि तो लिहिणाऱ्याला लावता येत नाही. त्याला शेवट आधीच ठाऊक असतो, मग त्याला धक्का बसणार कुठून?

एक नमुना बघा. समजा, एका मुलीनं सोसायटीच्या वार्षिक सभेवर स्किट लिहिलंय. त्यात सेक्रेटरी म्हणतो, ‘चौथ्या मजल्यावरच्या लोकांना मीटिंगची नोटीस कधी मिळत नाही, पण समोसे आले की ते बरोबर खाली येतात असं आपण नेहमी बघतो.’ वाचून झालं. कोणी हसलं नाही, एकानं नुसतं ‘हं’ केलं. मग बोलणं सुरू होतं. एक जण म्हणतो, ‘समोसे’ ऐकल्यावर मला हसू येत होतं, पण वाक्य थांबेचना. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि हशाच्या नेमकं अंगावर बसतं. दुसरी म्हणते, ‘आपण नेहमी बघतो’ कशाला सांगतेस, बघतायत की लोक. तिसऱ्याला ‘लोकांना’ खटकतं. लोकांवर कोण हसेल, एक माणूस दे. पंधरा मिनिटांनी कागदावर उरतं ते असं: ‘नोटीस पोचली नाही म्हणता, जोशीकाका. आणि समोसे?’

हे वाक्य आता नेमकं कोणाचं, हे सांगता येत नाही. पण त्या मुलीनं पुढचं स्किट लिहिताना हशाचा शब्द आपसूक शेवटी ठेवला, तर ती शिकली. वर्गातल्या फळ्यावर हे लिहून देता येतं. कानात मात्र असंच उतरतं.

जगभर हा धंदा असाच चालत आलाय. अमेरिकेत 1950 ते 1954 या काळात सिड सीझरचा ‘युवर शो ऑफ शोज’ हा दीड तासाचा कार्यक्रम शनिवारी रात्री थेट प्रक्षेपित व्हायचा. त्याचे लेखक एका खोलीत बसून आरडाओरडा करत लिहायचे. मेल ब्रुक्स तिथलाच. त्या गोंगाटात नील सायमन नावाचा एक बुजरा तरुण होता. त्याचा आवाज कोणापर्यंत जायचाच नाही. मग तो शेजारी बसलेल्या कार्ल रायनरच्या कानात आपलं वाक्य सांगायचा आणि रायनर उभा राहून ओरडायचा, ‘याच्याकडे आहे!’ हाच सायमन पुढे ‘द ऑड कपल’चा नाटककार झाला, 1991 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. ‘आमचा मुलगा फार अबोल आहे, त्याला कसं जमेल?’ असं विचारणाऱ्या आईला मी आधी रायनरची गोष्ट सांगतो. गटात आवाज उसना मिळतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके आले. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव एकाच व्यासपीठावर कथाकथन करत. कुठल्या वाक्याला मंडप हलतो आणि कुठे माणसं चुळबुळ करतात, हे शेजारी बसून ऐकायला मिळणं ही केवढी चैन! वडीलमंडळींसाठी मुद्दाम सांगतो, मिरासदार पुण्यात मराठीचे प्राध्यापक होते आणि माडगूळकर आकाशवाणीत नोकरीला. घर चालत होतं.

गट शोधायचा कुठे? शहरातल्या मुलांना सोपं आहे. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे, त्याच्या तालमी म्हणजे लेखकांची शाळाच. पण जळगाव, लातूर किंवा कणकवलीच्या मुलानंही हातपाय गाळू नयेत. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात स्किटचा विभाग असतो आणि महाविद्यालयांना त्यासाठी दरवर्षी नवं लिखाण लागतं. अभिनयाला रांग लागते, लिहायला कोणी नसतं. सांस्कृतिक विभागाच्या सरांना जाऊन ‘मी लिहितो’ म्हणावं, बस. तेही नसेल तर वाचनालयाची खोली मागून घ्यावी. काहीच खर्च नाही, चहाचा सोडून.

गट चांगला की नुसता कट्टा, हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: लिखाण कोण वाचतं? लेखक स्वतः वाचत असेल तर तो आवाजानं, हातवाऱ्यांनी कच्चं वाक्यही तारून नेतो. दुसऱ्यानं सपाट आवाजात वाचावं, लेखकानं गप्प बसून जिथे हशा आला तिथे पेन्सिलीनं खूण करावी. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य गटात बंद. आणि हो, व्हॉट्सअॅपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग म्हणजे हशा नव्हे. ती चालीरीत आहे.

वाईट गटही असतात, मुलींच्या आईवडिलांनी तर हे नीट ऐकावं. एखाद्याचं वजन, जात, गावाकडची बोली यावरच सगळे विनोद होत असतील तर तिथे लेखन होत नाही, फक्त टवाळी होते. कोणी ‘दादा’ सगळ्यांचं लिखाण घेऊन स्वतःच्या नावानं पुढे पाठवत असेल तर पहिल्याच वेळी उठून यावं. कायद्यानं नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहून काढलेल्या मजकुराला आहे. म्हणून जे जमलं ते टाइप करून, तारीख आणि सगळ्यांची नावं घालून ठेवावं. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. सभासद झालं की तिथे संहितेची नोंदणी करता येते.

आता पोटापाण्याचं. विनोदी लेखकाच्या जागेची जाहिरात पेपरात येते, असं मी तरी पाहिलेलं नाही. मालिकेच्या किंवा वेबच्या लेखकाला मदतीला माणूस लागतो, तेव्हा तो ज्याला वेळेवर लिहून देताना पाहिलंय त्यालाच फोन करतो. हास्यजत्रेत सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ही दिग्दर्शक-लेखक जोडी आहेच, पण समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नटही स्किट लिहितात. एकत्र काम केलेली माणसं एकमेकांना ओढून घेतात. याला वशिला म्हणायचं तर म्हणा. मी याला हजेरी म्हणतो.

तरी सुरुवातीची काही वर्षं पैसे अनियमितच असतात, हे मुलांनी घरी आधीच सांगून टाकावं. जाहिरातीच्या एजन्सीत कॉपीरायटर, रेडिओसाठी लेखन, भाषांतर, शिकवणी, काहीतरी ठरावीक उत्पन्नाचं हवं. पदवी मधेच सोडू नये. पालकांनी दर महिन्याला ‘किती मिळाले’ विचारण्यापेक्षा ‘या महिन्यात किती पानं वाचली गेली, कुठे हसले’ असं विचारावं आणि पानं बघायला मागावीत. दोन वर्षांत वही जाड झाली नाही, गटाचे रविवार नुसते चहातच गेले, तर वडिलांनी दुसरा विषय काढायला माझी हरकत नाही.