निराधारांचे अनुदान आणि पैसे देणारे यंत्र

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेदवीस आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. दशभुज गणपतीचे देवालय व समुद्रकाठची बामणघळ ह्यांमुळे हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे; परंतु आमचे जाणे स्थळदर्शनासाठी नव्हते. त्या मुलाच्या आजीचे १५०० रुपये गहाळ झाले होते, आणि घरातील वडील मंडळींचा वहीम त्या मुलावर होता. त्या रुपयांच्या शोधात आम्हांस जे शिकावयास मिळाले ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

प्रथम हे रुपये कसले ते सांगितले पाहिजे. निराश्रित माणसांस दरमहा साहाय्य मिळावे म्हणून महाराष्ट्र सरकारने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. ज्यांचे वय ६५ वर्षे वा त्याहून अधिक आहे अशा गरीब वृद्धांकरिता श्रावणबाळ ह्या नावाची निराळी योजना आहे. आईबापांस कावडीत बसवून नेणाऱ्या त्या मुलाची कथा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. २०२३ सालापासून वृद्धांस मिळणारी रक्कम दरमहा १००० रुपयांवरून १५०० रुपये झाली. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन टोल्यांप्रमाणेच ही रक्कम मोजणाऱ्यास लहान दिसेल. परंतु आजीचे औषध, चहापत्ती व दिवाबत्ती ह्यांतच भागत असे.

कोकणात दुरून येणारा पैसा घरबसल्या हाती पडणे ही गोष्ट नवी नव्हे. टपालखात्याने १८८० साली मनिऑर्डरीचे काम हाती घेतले, आणि पुढे कित्येक पिढ्या मुंबईच्या चाकरमान्याची कमाई पोस्टमनच्या पिशवीतून गावोगाव येत राहिली. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजी, म्हातारीचा अंगठा उठवून घेई, शेजाऱ्याची साक्ष घेई, आणि कुपनावरील दोन ओळी वाचूनही दाखवी. त्या व्यवहारावर चार माणसांचे डोळे असत. आता अनुदान थेट बँकेच्या खात्यात जमा होते. २०२४ च्या अखेरीपासून तर ते आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातच जाते. (ज्यांची दोन खाती आहेत त्यांनी आधार कोणत्या खात्यास जोडले आहे ते बँकेत विचारून ठेवावे. एका खात्याचे पासबुक घेऊन हेलपाटे घालावेत आणि पैसा दुसऱ्याच विसरलेल्या खात्यात पडून राहावा, असे पुष्कळांचे झाले आहे.) ह्या व्यवस्थेत मधल्या माणसाचा हात राहिला नाही, हा मोठाच लाभ होय. परंतु साक्षीदारही राहिला नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. आजीचे कार्ड घेऊन तो एस.टी.ने गुहागरास गेला. कार्डाच्या वेष्टनावर पेन्सिलीने गुप्त क्रमांक लिहिलेला होता. त्याने क्रमांक दाबला, रक्कम दाबली. यंत्र आतल्या आत बराच वेळ घरघरले, पण नोटा बाहेर आल्या नाहीत. मागे रांग होती, लोक घाई करू लागले. तेव्हा कार्ड काढून घेऊन तो तसाच परतला. पावती त्याने घेतली नाही. आठवड्याने पासबुकात पाहतात तो १५०० रुपये खर्ची पडलेले! "यंत्र कधी खोटे बोलते काय?" असे त्याचे काका म्हणाले, आणि त्यावर त्या मुलापाशी उत्तर नव्हते. आम्हीही त्यास अंगणात एकीकडे नेऊन "खरे ते सांग" असे म्हटले, हे येथे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. आजी तेवढी म्हणाली, "गुरुजी, पोर माझा तसा नाय हो."

यंत्र खोटे बोलत नाही, परंतु ते अर्धवट बोलू शकते. ते कसे, हे समजण्यास त्याची रचना पाहिली पाहिजे. असे पहिले यंत्र लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी बसविले. त्याचे जनक जॉन शेपर्ड-बॅरन ह्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. सहा आकड्यांचा क्रमांक ठेवण्याचा त्यांचा विचार होता, परंतु त्यांच्या पत्नीस चारच आकडे लक्षात राहात, म्हणून चार ठरले, असे ते सांगत. हिंदुस्थानात हे यंत्र १९८७ साली मुंबईस आले.

आजीच्या खात्यात किती शिल्लक आहे हे यंत्रास स्वतःस ठाऊक नसते. ते कार्ड वाचते, दाबलेला क्रमांक सांकेतिक रूपात बांधून बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडे धाडते, व परवानगी मागते. यंत्र एका बँकेचे आणि कार्ड दुसऱ्या बँकेचे असल्यास मध्ये राष्ट्रीय जाळ्याचा दुवा लागतो. तिकडे क्रमांक पडताळून शिल्लक पाहिली जाते, रक्कम खर्ची टाकली जाते, आणि "दे" असा निरोप येतो. त्यानंतर यंत्राच्या पोटातील डब्यांतून एकेक नोट ओढली जाते, दोन नोटा चिकटलेल्या नाहीत ना हे तपासले जाते, आणि मग गड्डी तोंडाशी येते. खर्ची पडणे आधी व नोट बाहेर येणे मागाहून, असा हा क्रम आहे. ह्या दोहोंच्या मध्ये नोट अडकली अथवा तारेचा संबंध तुटला, तर खात्यातून पैसे गेलेले आणि हाती काही नाही, अशी स्थिती होते. मात्र प्रत्येक पायरीची नोंद यंत्र स्वतःपाशी ठेवते, आणि न दिलेल्या नोटा आत शिल्लक राहून हिशोबात जादा दिसतात. हाच येथील साक्षीदार! त्याला विचारावे मात्र लागते.

आम्ही आजीस व मुलास घेऊन बँकेत गेलो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत बँकेने आपण होऊन परत जमा करावयाचे असतात; न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावयाची असते. त्या बँकेने ते केले नव्हते, प्रथम तर "पावती नाही, मग काय पाहावयाचे?" असेच उत्तर मिळाले. आम्ही तारीख व वेळ घालून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि नियमाचा उल्लेख केला. सतराव्या दिवशी १५०० रुपये परत आले, आणि बारा दिवसांच्या विलंबाचे १२०० रुपयेही आले. काकांनी नंतर त्या मुलास नवी चप्पल घेऊन दिली. बोलले काही नाहीत.

परंतु मॅनेजरसाहेबांनी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते: "कार्ड आजीचे, तर क्रमांक नातवास कसा ठाऊक?" गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यामुळे चोरी झाली, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान खातेदाराचेच, असा २०१७ पासूनचा नियम आहे. रांगेतील एखादा गोडबोल्या मदतीस पुढे येतो, क्रमांक पाहून ठेवतो, व हातोहात कार्ड बदलून दुसरेच परत देतो. ही ठकबाजी जागोजाग झालेली आहे. असे घडल्यास प्रथम बँकेस कळवून कार्ड बंद करावे, आणि लगेच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा.

बँकमित्राकडे अंगठा लावूनही पैसे मिळतात. आजीने तेही करून पाहिले होते. पण ज्या हातांनी जन्मभर भात लावले व काजू फोडले त्यांच्या अंगठ्यावरील रेषा यंत्रास उमटेनात. पाचशेच्या नोटांचीही अडचण असे, एस.टी.त ती पुढे केली की कंडक्टर कपाळास आठ्या घाली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये यंत्रांतून शंभर वा दोनशेच्या नोटाही मिळाव्यात असा हुकूम काढला आहे, म्हणून १५०० न मागता १४०० मागून पाहावे.

आजीस अक्षरओळख नाही, आणि यंत्रावरील आकडे इंग्रजी. तेव्हा नातवाने पाटीवर कळफलक काढला: तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरे, खाली मध्ये शून्य. मधल्या घरावर, म्हणजे पाचावर, बोटास लागेल असा उंचवटा असतो. तेथून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे मोजावयाचे. नवा क्रमांक तिने स्वतः ठरविला. चुकीचा क्रमांक तीनदा दाबल्यास कार्ड बहुधा त्या दिवसापुरते अडते, म्हणून महिनाभर पाटीवर सराव चालला होता.

मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या बाजूस गेलो, तेव्हा गुहागरास दोघांची गाठ पडली. आजी यंत्रापुढे उभी होती, एका बोटाने चाचपडत होती. नातू दाराशी पाठ फिरवून उभा होता. तिने नोटा मोजल्या, पावती घडी करून पिशवीत ठेवली, आणि कार्ड पदरात बांधले. क्रमांक कोणता ठेवला, असे आम्ही सहज विचारले. तिने आम्हांसही सांगितला नाही.