सूर, रंग आणि दोरा

जोगेश्वरीच्या एका जुन्या चाळीत एक आजी व तिची नात राहत असत. नातीला गायनाची गोडी होती. आजीचा हात टॅटिंगमध्ये तरबेज होता. टॅटिंग म्हणजे लहानशा धोट्यावर दोरा गुंडाळून, बोटांवर गाठी घालीत केलेली जाळीदार लेस. पुढे आजीची दृष्टी मंदावली आणि धोटा डब्यात पडून राहिला. आपल्यामागे ही कला घरातून नाहीशी होणार, याची तिला खंत वाटे.

एके दिवशी नात सात रंगांचे दोरे घेऊन आली. म्हणाली, "आजी, मला शिकव. पेटीवरच्या रुमालाला सात कड्यांची लेस लावायची आहे. एकेका स्वराला एकेक रंग!"

ही कल्पना तिला गायनाच्या बाईंकडून मिळाली होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. राज्याचे हिशेब सांभाळून त्याने 'संगीतरत्नाकर' हा थोर ग्रंथ रचिला. त्यात स्वरांचे रंगही सांगितले आहेत. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेकरंगी! इंग्लंडमधील शास्त्रज्ञ न्यूटन याने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रकाशाच्या सात रंगांची स्वरांशी सांगड घातली. परंतु त्याच्या सात रंगांत काळा नाही, पांढराही नाही. तेव्हा स्वर आणि रंग यांचे हे नाते निसर्गाचा नियम नव्हे. ती माणसाची सुंदर कल्पना आहे.

आजी म्हणाली, "रंग मला नीट दिसायचे नाहीत, पण ताल ऐकू येईल. एका कडीत सोळा गाठी. चार-चारांचे चार भाग, आणि दोन भागांच्या मध्ये एक बारीक फास. हा तुझा त्रितालच की!"

आजी हाताने ताल धरी आणि नात एकेका मात्रेला एकेक गाठ घाली. सोळा गाठी झाल्या की आतला दोरा ओढायचा. गाठी सरकत आणि कडी मिटे. जणू गाणे समेवर येई!

चार कड्या झाल्या. पंचमाची काळी कडी मात्र काही केल्या मिटेना. नात रडकुंडीला आली. तिने कात्री उचलली.

"थांब," आजी म्हणाली. तिने गाठींवरून हळूच बोट फिरविले. "नववी गाठ अडकली आहे. नवव्या मात्रेला काय असते?"

"खाली. तेथे टाळी नसते," नात म्हणाली.

"टाळी नाही म्हणून मात्रा नाही, असे नव्हे. तेथेच तुझे लक्ष सुटले."

नातीने कात्री खाली ठेवली. सुईच्या टोकाने तिने शेवटच्या आठ गाठी एकामागून एक सोडविल्या आणि पुन्हा घातल्या. दोरा ओढताच कडी अलगद मिटली.

सातवी कडी पुरी झाली, तेव्हा आजीने लेस बोटांनी चाचपून पाहिली. मग तिने आपला धोटा नातीच्या हाती दिला. "आता हा डब्यात ठेवू नकोस," ती म्हणाली.

स्वाध्याय

१. आजीला कशाची खंत वाटत असे?
२. स्वर व रंग यांचे नाते निसर्गाचा नियम का नव्हे?
३. 'टाळी नाही म्हणून मात्रा नाही, असे नव्हे,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.