फिरते जाते का थांबते?

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथे आणले, उंचावरून सोडले आणि त्या धारेवर जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळले जाई.

समजा, पाण्याची धार एकाएकी बंद केली. जाते काही फेरे घेईल आणि थांबेल. का? वर्गात हमखास उत्तर येते, "सर, जोर संपला!" उत्तर सोपे आहे, पण चूक आहे. बल ही दगडात साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. धार तुटताच पाण्याचे बल नाहीसे झाले. तरी दगड फिरत राहिला तो जडत्वामुळे. त्याला थांबवले ते दुसऱ्याच बलाने. दगड, दाणे आणि आस यांच्यातील घर्षणाने!

मग धार चालू असताना घर्षण नव्हते का? होतेच. पाणी जेवढे ढकलते तेवढेच घर्षण अडवते, म्हणून जाते एकाच गतीने फिरते. इथे भलेभले चकतात. गती टिकवायला सतत बल हवेच, असे ॲरिस्टॉटललाही वाटे. गॅलिलिओने ते खोडून काढले आणि न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गतीचा पहिला नियम मांडला.

फिरण्याची ऊर्जा गेली कुठे? गिरणीतून दळण आणताना डबा गरम लागतो ना? बरीचशी ऊर्जा तिथेच, उष्णतेच्या रूपात असते.

आता एक प्रयोग. वारा नसताना, सपाट व रहदारी नसलेल्या रस्त्यावर १० मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारा. सायकलने हे अंतर २ सेकंदांत कापले तर वेग सेकंदाला ५ मीटर. दुसरी रेघ ओलांडताच पायडल मारणे थांबवा. ब्रेक लावू नका. समजा, सायकल १०० मीटरवर थांबली. वेगाचा वर्ग २५, त्याला अंतराच्या दुपटीने, म्हणजे २०० ने, भागले की मंदन येते ०.१२५. तुमचे व सायकलचे वस्तुमान मिळून ६० किलोग्रॅम असेल, तर रोधक बल सरासरी ७.५ न्यूटन, साधारण पाऊण किलोच्या वजनाएवढे! यात हवेचा रोधही आला.

नंतर चाकांतील हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. अंतर किती घटले, आणि का?