सहीच्या आधी विचारा

गर्भपिशवी काढायची ठरली असेल, तर कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘अंडाशयं ठेवणार की तीही काढणार? काढणार असाल तर कशासाठी?’ उत्तर मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नका. आरमोरीकडच्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईला मी हेच सांगत असते.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी ३७ वर्षांची होते. अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन खाली आलेलं, सोनोग्राफीत गाठी दिसलेल्या. ज्या खाजगी दवाखान्यात गेलो तिथे सांगितलं, ‘पुढे कॅन्सरची भीती आहे, एकदाचं मोकळं व्हा.’ पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली गेली. ती चांगली होती. काढल्याचं डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेलं होतं. तोंडाने ना मला कुणी सांगितलं, ना घरच्यांना. महिन्याभरात रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायला लागलं, घामाने उशी भिजायची. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक मिळालं.

चाळिशी उलटली आणि शाळेचा जिना चढताना दम लागू लागला. छातीत कळ अशी कधी आलीच नाही. फळ्यावर लिहिता लिहिता जबडा जड व्हायचा, पाठीत भरून यायचं, मळमळायचं. ‘मॅडम, गॅस असंल जी,’ असं शिपाईकाकाही म्हणाले आणि दवाखान्यातही तेच ऐकलं. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. इसीजी काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मी बाई, त्यात अंगाने बारीक, खर्रा न खाणारी. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी ऑपरेशनचं जुनं कार्ड मागितलं, ते वाचलं आणि त्याच दिवशी सगळ्या तपासण्या करायला लावल्या. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. तिथे स्टेंट बसला.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हृदयविकार म्हटलं की डॉ. अभय बंग आठवतात. १९९५ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांना झटका आला आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घरोघरी पोचलं. पुरुषाला त्या वयात हा आजार गाठू शकतो, हे लोकांना त्यामुळे पटलं. बाईला तो सहसा सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो. त्यामागे मोठा वाटा इस्ट्रोजेनचा. हे संप्रेरक अंडाशयात तयार होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी सैल राहते, त्याला इस्ट्रोजेनची मदत असते. वाईट कोलेस्टेरॉलही ते आटोक्यात ठेवतं. पाळी आपसूक जाते तेव्हा हे संरक्षण काही वर्षांत हळूहळू ओसरतं. अंडाशयं कापून काढली की एका दिवसात जातं. वाहिनी ताठरू लागते, भिंतीत चरबी साठते, पुढे तिथे कॅल्शियम धरतं.

अमेरिकेत १९७६ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला. त्याचे १९८७ मध्ये छापलेले निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि नंतर हार्मोन न घेतलेल्या बायकांना, त्याच वयाच्या पाळी चालू असलेल्या बायकांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होता. माझ्या ऑपरेशनच्या कितीतरी आधी ही माहिती जगापुढे होती.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतं. तुमचं नेमकं काय काढलंय हे माहीत नसेल, तर कार्ड शोधा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्या.

बायकांची दुखणी किती दबलेली असतात हे जगाला कळलं तेही गडचिरोलीतूनच. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं; ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यातली बरीच दुखणी औषधांनी बरी होणारी. पण बाई दवाखान्यापर्यंत पोचली की तिच्यापुढे पिशवी काढण्याचाच रस्ता ठेवला जातो, हे मी पाहत आले आहे आणि त्याचा मला संताप येतो. बीडमध्ये तर २०१९ च्या सरकारी समितीला ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिकींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्या हृदयाची तपासणी पुढे कोण करणार?

हृदयाच्या झडपांचंही थोडं सांगते. उतारवयात महाधमनीची झडप ताठरते. पुरुषाच्या झडपेवर कॅल्शियमचे थर जास्त बसतात. बाईची झडप कमी कॅल्शियम असतानाही, आतल्या चिवट तंतूंमुळे, तितकीच अरुंद होऊ शकते. म्हणून सीटी स्कॅनवर गंभीर आजार ठरवताना कॅल्शियमचा आकडा पुरुषाला २००० धरतात, बाईला १२००. एकच माप दोघांना लावलं तर बाई ‘ठीक’ म्हणून घरी जाते. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापाने खराब होणारी झडपही बायकांतच जास्त दिसते, पण तो आजार वेगळा, हार्मोनचा नाही.

मग अंडाशयं गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? स्वतःच्या मनाने अजिबात नको. २००२ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण पाळी गेलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांत दोन हार्मोन एकत्र दिल्यावर हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. मात्र अंडाशयं लवकर काढली असतील, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. अशा बाईने हा प्रश्न स्वतःहून विचारावा. मला तो विचारायचं कुणी सांगितलं नाही आणि ती वर्षं निघून गेली.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल चाळिशीपासून दरवर्षी बघा. अंडाशयं काढली असतील किंवा गरोदरपणात बीपी वाढून झटके आले असतील तर त्याआधीच. त्या बाळंतपणाचा धोका पुढे कित्येक वर्षं मागे राहतो, डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. खर्रा, नस, गुडाखू बंद. दम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, कारण नसताना घाम असेल तर ‘गॅस’ ऐकून उठू नका, इसीजी मागा. अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या मोकळ्या दिसल्या तरी त्रास चालूच असेल, तर बारीक वाहिन्यांचं विचारा. बायकांत तिथलाही दोष असतो.

गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये आला. दर सात मृत्यूंतला एक पक्षाघाताचा होता आणि त्यातले बहुतेक घरीच झाले. तो टाळायला लागणारी बीपीची गोळी महिन्याला काही रुपयांची, आरोग्य केंद्रात तर फुकट. तेंदूपत्त्याचा हंगाम उरकला की भामरागड, एटापल्लीकडच्या बायांनी पहिलं काम हे करावं: बीपी तपासून पावसाळाभर पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्याव्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि दवाखाना पलीकडे राहतो.